टँकरच्या आधीचा डाव

मुंबईच्या वेशीबाहेर, गोडदेवला आम्ही राहायला गेलो ते नव्वदच्या आसपास. बिल्डिंगला रंग होता, जिन्याला मोझॅक होतं, गेटवर बदकाच्या आकाराचा दिवासुद्धा होता. फक्त नळाला पाणी नव्हतं. बिल्डर म्हणायचा, "येतंय, येतंय." तोवर दुपारी टँकर यायचा. तो आधी बाजूच्या चाळींना पाणी द्यायचा आणि उरलंसुरलं आमच्या दारात. आमची तेव्हा चारच बिऱ्हाडं: मासी, समोरच्या वहिनी, मूळची उत्तनची ऑन्टी आणि आम्ही. पहिल्या दोघींना स्वच्छ पाणी मिळायचं, तिसरीला जेमतेम, चौथीच्या हंड्यात तळाचा गाळ. नंबरावरून अशी जुंपायची की विचारू नका, आणि मीही काही गप्प बसणाऱ्यातली नव्हे.

ही भांडणं थांबवली तळमजल्यावरच्या मासींनी. त्या काठियावाडच्या. त्यांच्याकडे श्रावणात सातम-आठमला, म्हणजे गोकुळाष्टमीच्या सुमारास, घरातल्या थोरल्यांपासून सगळे पत्ते खेळतात, त्यात कोणी पाप मानत नाही. त्यांनी फर्मान काढलं: टँकरची वाट बघताना तीन पत्ती खेळायची. पैसे नाहीत, काडेपेटीच्या काड्या. हॉर्न वाजेल तेव्हा जिच्याकडे काड्या जास्त, तिचा नंबर पहिला, मग उतरत्या क्रमाने. आणि काड्या रोज नव्याने वाटायच्या, कालचा राग कालच्या दिवसाचा.

डाव तीन फेऱ्यांचा. फेरीला एक काडी, वाढवायची असेल तर दोन, त्यापुढे नाही. एकीने वाढवली की बाकीच्यांनीही दोन टाकायच्या, नाहीतर पत्ते टाकून डावातून उठायचं. शेवटी ज्या उरतील त्यांनी पत्ते उघडायचे. त्यामुळे मोठी रक्कम लावून कोणाला घाबरवायची सोयच नव्हती. सुरुवातीला मी दोन सारखे पत्ते दिसले, की हुरळून काड्या टाकत सुटायची आणि गाळ भरून घरी जायची.

"देख बेटा," मासी एकदा म्हणाल्या, "जोडी दोघींमध्ये सासू असते ने, चौघींमध्ये सून. समोर एकच असेल तर दाबून खेळ. तिघी असतील तर कोणाकडे तरी तिची सासू असतेच."

मासींचं खेळणं बघत राहावं असं होतं. त्या स्वतःच्या पत्त्यांपेक्षा आमची तोंडं जास्त बघायच्या. सगळ्यांनी एकेक काडी टाकून झाल्यावर त्या कधी वाढवायच्या नाहीत. म्हणायच्या, "आता एका काडीसाठी कोण उठेल? सगळ्या थांबणार. वाढवायचं तर आधी वाढव, म्हणजे बाकीच्यांसमोर एकदम दोन काड्या येतील." आणि टाकलेले पत्ते त्या कधीच दाखवत नसत. हरल्या तर गढूळ पाणी फडक्याने गाळायच्या, तेही गुणगुणत. त्या बाईला मी कधी चिडलेली पाहिली नाही, आणि मला तर दुधाचं पातेलं उतू गेलं तरी रडू यायचं.

तर त्या दिवशी माझी आई येणार होती, गिरगावातून, पहिल्यांदाच. तिला हा फ्लॅट मुळीच पसंत नव्हता. "पाणी नाही तिथे कसला संसार? विका आणि परत या," असं ती आमच्या लग्नाला नाही म्हणाली होती तितक्याच जोरात म्हणत आली होती. आणि आमचे हे तिचं ऐकायला लागले होते, फ्लॅटला एक गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. त्या संध्याकाळी तिला बादलीभर स्वच्छ पाण्याने अंघोळ घालता आली नसती, तर आमचं गोडदेव तिथेच संपलं असतं.

संध्याकाळी येणारी आई टळटळीत दुपारीच येऊन ठेपली. आम्ही चौघी मासींच्या ओट्यावर, हातात पत्ते. तिने कपाळाला हात लावला, चपला काढल्या आणि माझ्या मागे येऊन बसली.

त्याच डावात माझ्या हाती एक्के आले. दोन एक्के आणि एक सत्ती. याहून मोठी जोडी नसते.

पहिल्या फेरीत उत्तनच्या ऑन्टीने एक काडी टाकली, समोरच्या वहिनींनी एक, मासींनी एक. माझी चाल शेवटची. आईने पाठीत बोट खुपसलं. वाढव, असा त्याचा अर्थ. पण तिघींच्या काड्या आधीच पडल्या होत्या, आता कोणी उठणार नव्हतं. मी एकच टाकली.

दुसऱ्या फेरीला ऑन्टीने सरळ दोन काड्या टाकल्या. ही बाई खात्रीशिवाय बाजारात कोथिंबीरही घ्यायची नाही. वहिनींनी हट्टाने दोन टाकल्या. मासींनी ऑन्टीकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं आणि पत्ते पालथे टाकले.

माझी पाळी आली. मला ती दोन एक्क्यांची जोडी इतकी गोड दिसत होती, की टाकवेना. आईचं बोट आता बरगडीत शिरलं होतं. दोघीजणी दोन-दोन काड्या टाकून बसल्यात, अजून एक फेरी बाकी आहे, आणि मासी उठल्यात. मी डोळे मिटून पत्ते टाकले.

"अगं, एक्के होते!" आई मोठ्याने ओरडली.

मासी खुदकन हसल्या. वहिनींचा चेहरा उतरला, तरी त्यांनी शेवटच्या फेरीच्या काड्याही टाकल्या. मग ऑन्टीने पत्ते उघडले. तीन बदाम. तिन्ही एकाच रंगाचे असले की ते कुठल्याही जोडीला खातात.

"आता बग, हाय का न्हाय?" ऑन्टी म्हणाली. वहिनींकडे राण्यांची जोडी होती.

तेवढ्यात हॉर्न वाजला. ऑन्टी पहिली. मासींपेक्षा माझ्याकडे एक काडी जास्त निघाली, वाचवलेल्यांपैकीच. माझा नंबर दुसरा. वहिनी शेवटच्या. त्या माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

आई सावकाश, मनसोक्त अंघोळ करून बाहेर आली. हे चहा घेऊन बसले होते. फ्लॅटचा विषय आता निघणार म्हणून मी पोळीचं पीठ मळत कान देऊन उभी होते. आईने केस पुसले, चहाचा घोट घेतला.

"तुमच्या त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवा," ती ह्यांना म्हणाली. "जिला एक्के टाकता येतात, तिला घर कधी सोडायचं ते मी सांगायला नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हंडा घेऊन खाली गेले, तर आई आधीच मासींच्या ओट्यावर बसली होती आणि मासी तिला काड्या मोजून देत होत्या.