ग्रुप फोटोतला दत्ता

हे लिहू की नको, असं माझं बरेच महिने चाललं होतं. कारण असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना तोंडावर हसणारी बाई मीच. नवरा म्हणतो अमावास्येला गाडी धुवू नये, तर मी मुद्दाम त्याच दिवशी पाइप घेऊन उभी राहते. त्यामुळे पुढचं वाचून तुम्ही हसलात तर मला राग नाही.

आमचं कॉलेज जालना रोडवर, चिकलठाण्याच्या अलीकडे. लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर एक लांब खोली आहे. तिथं मी आणि माझी सहकारी शबाना जुन्या विद्यार्थ्यांचे खासगी कागद लावतो. घरची पत्रं, मेसची कुपनं, नोट्स, फोटो... एकाचे कागद दुसऱ्यात मिसळायचे नाहीत, त्यानं ठेवलेला क्रम मोडायचा नाही, गंजलेल्या टाचण्या काढायच्या. आणि शेवटी कॉम्प्युटरवर त्या संग्रहाचं वर्णन लिहायचं — मुलगा कोण, कुठला, पुढं त्याचं काय झालं.

बिडकीनच्या सुमनताईंनी भावाची पत्र्याची पेटी आणून दिली. जमीन कंपन्यांसाठी गेली, नवीन घर बांधलं, आई वारली. आता पेटी ठेवायची कुठं? भावाचं नाव दत्ता. चाळीसेक वर्षांपूर्वी आमच्याच हॉस्टेलला होता. सेकंड इयरला असताना गेला.

"कशानं?" मी विचारलं.

"जिन्यावरून पडला म्हणं. कॉलेजनं तसंच सांगितलं. आमचे वडील अडाणी, त्यांनी अंगठा दिला अन् बॉडी घेऊन आले." मग म्हणाल्या, "पण त्याच्या पाठीला हात लावू देईना कुणी आईला."

मी ऐकून घेतलं. करणार काय?

आठवड्याभरात पेटी लावून झाली. मी वर्णन लिहायला बसले. भर दुपार, खिडक्या उघड्या, खाली पोरांचा क्रिकेटचा गोंगाट. 'हॉस्टेलच्या जिन्यावरून पडून मृत्यू' एवढं टाइप केलं आणि बरगडीत लाथ बसली.

लाथच. दुसरा शब्द नाही. मी खुर्चीसकट आडवी झाले. श्वास अडकला. उठायच्या आत त्याच जागी परत एक.

शबाना टेबलापलीकडून धावली. "मॅडम! ये क्या हुआ?" ती पांढरी पडली होती. नंतर म्हणाली, तिनं माझा कुर्ता बरगडीपाशी आत दबलेला पाहिला... आणि तिथं कुणीच नव्हतं.

एक्स-रेत बरगडीला चीर निघाली. डॉक्टर बाईंनी माझ्या नवऱ्याला बाहेर पाठवलं आणि हळूच विचारलं, "घरी मारहाण होते का?" त्या बिचाऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी सांगितलं, टेबलाचा कोपरा लागला. आणि खरं सांगते, चार दिवसांनी माझाही त्यावर विश्वास बसला.

पेटीत हॉस्टेलचा एक ग्रुप फोटो होता. मागं नावं नव्हती. म्हणून तो आम्ही माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला. लगेच एका गृहस्थांचा फोन आला. मी त्यांना वसंतराव म्हणते, खरं नाव वेगळं आहे. नुकतेच रिटायर झालेले, हसतमुख. येताना आमच्यासाठी कचोऱ्या घेऊन आले.

"सगळी नावं सांगतो, लिहून घ्या," म्हणाले. फोटोवर बोट ठेवत डावीकडून सांगत गेले. हा आता अमेरिकेत, हा वकील झाला, हा मी... पुढच्या चेहऱ्यावरून बोट सरकलं आणि त्याच्या पलीकडच्यावर गेलं.

"आणि हे, मधले?" मी विचारलं.

"हा?... नाही बुवा. आठवत नाही."

त्यांचं डोकं टेबलावर आपटलं. माणूस भोवळ येऊन पडतो तसं नाही — केसांना धरून आपटावं तसं. वर आलं, परत आपटलं. नाकातून रक्ताची धार लागली. त्यांची कॉलर मागून मुठीत धरल्यासारखी गोळा झाली होती, हे मी हातभर अंतरावरून पाहिलं. शबानानं त्यांच्या कमरेला मिठी मारली तर ती रॅकवर फेकली गेली, ओठ फाटला. मी दंड धरून ओढत होते, पण माझ्याहून कितीतरी जास्त ताकदीचं काहीतरी त्यांना पलीकडे ओढत होतं.

मग ते जमिनीवर पडले आणि पाठीवर आवाज यायला लागला. सप्... सप्... काठीचा. काठी कुठंच नाही!

"मी मारलं नाही रे दत्ता!" ते डोक्यावर हात घेऊन किंचाळले. "मी फक्त दार लावलं! बाहेरून कडी लावली, बस्स!"

आणि सगळं थांबलं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी आम्हा दोघींकडे फार वाईट नजरेनं पाहिलं. "पडून असे वळ उठतात होय?" पोलिसांनी खोली उलटीपालटी केली. लाकडी फूटपट्टीशिवाय काही सापडलं नाही. शेवटी वसंतरावांनीच जबाब दिला — चक्कर आली, पडलो. त्यांच्या एका डोळ्याची नजर कायमची गेली.

मला झोप येईना. सुमनताईंना सांगावं तर पुरावा काय? न सांगावं तर... शेवटी फोन केलाच. त्या सकाळच्या एसटीनं आल्या आणि म्हणाल्या, "मला त्यांच्याकडं घेऊन चला."

मला वाटलं, शिव्या देतील, अंगावर जातील. त्या स्टूल ओढून पलंगाशेजारी बसल्या. "मी दत्ताची बहीण."

वसंतरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"तुमाला काई करायला नाय आले मी. तुमी दाराभाईर व्हते ना? मग तो आतून काय म्हणत व्हता, तेवढं सांगा. आई इचारत इचारत मेली."

मग भिंतीकडे तोंड ठेवूनच ते म्हणाले, "माझंच नाव घेत होता... वसंता, कडी काढ म्हणत होता. मग नाही म्हणाला काही."

सुमनताई उठल्या. वसंतरावांच्या अंगावरून सरकलेली चादर नीट केली आणि बाहेर आल्या. कॉरिडॉरमध्ये भिंतीला धरून खाली बसल्या, तेव्हा त्यांचा तो आवाज... तो मी लिहू शकत नाही.

पुढं त्यांनी तक्रार केली. वसंतराव फिरले, म्हणतात, औषधांच्या गुंगीत काहीतरी बोललो असेन. आत कोण कोण होते, ते अजून कळलेलं नाही. दत्ताच्या वर्णनातली जिन्याची ओळ मात्र मी काढून टाकली आहे. त्यानंतर खोलीत काही झालं नाही.

माझ्या बरगडीत काय लागलं, त्या पाठीवर काठी कुणी चालवली — मला ठाऊक नाही. भूत म्हणवत नाही, भास म्हणावं तर एक्स-रे समोर आहे. शबाना आता त्या विषयावर बोलतच नाही. फक्त एवढंच झालंय, खोलीत कुणी आत असलं की ती दाराला हात लावू देत नाही. सताड उघडं ठेवते.