न वाकवलेले बूट

संध्याकाळी बरोबर पाच वाजता मामा केस विंचरायचा, सदऱ्याचं वरचं बटण लावायचा आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलेल्या टॅबलेटसमोर उभा राहायचा. बाहीने काच पुसून झाली की विचारायचा, "साहेब, बसू का?" समोरून परवानगी आल्याशिवाय तो खुर्ची ओढायचा नाही.

समोर कधी बर्फात निम्मं सैन्य गमावलेला सेनापती असायचा, कधी वर्षभर किल्ला लढवलेली राणी. इतिहासातलं माणूस निवडायचं आणि त्याच्याशी बोलायचं, असा तो प्रोग्रॅम. टॅबलेटमध्ये तो मीच घालून दिला होता. निवृत्त झाल्यापासून मामा दिवसभर खिडकीशी बसून राहायचा, ते मामीला बघवत नव्हतं.

"माझ्याशी 'हं'च्या पुढे शब्द नाही," मामी आता म्हणायची, "आणि मेलेल्यांशी तासन् तास."

"ते मध्येच बोलत नाहीत," मामा म्हणायचा.

एकतीस वर्षं त्याने बुटांच्या कारखान्यात तपासणीचं काम केलं. सैन्याचे बूट. प्रत्येक बूट चवड्यापाशी वाकवायचा आणि कानाशी धरायचा. तळ नीट बसला नसेल तर बारीक करकर ऐकू येते. नाही आली, तर आतून शिक्का. घरात कोणी नवी चप्पल आणली की ती आधी मामाच्या कानाशी जायची. आम्ही त्याला 'डॉक्टर' म्हणायचो.

एका रविवारी दुपारी जेवणं उरकून आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत पसरलो होतो. मामा आत मामीबरोबर भांडी आवरत होता.

"काय गं बोलतो तुझा मामा त्या सेनापतींशी?" मावशीने विचारलं.

टॅबलेट हाताशीच होता. झालेल्या गप्पा त्यात लिहिलेल्या राहतात, हे मला माहीत होतं. मामाला नव्हतं. मी सेनापतीचा घोगरा आवाज काढला, मग मामाचा अदबशीर. "साहेब, आपल्या माणसांना जेवण वेळेवर मिळायचं का?" सगळ्यांची हसून पुरेवाट. मावशीने तर डोळे पुसले. मला माझाच आवाज आवडायला लागला होता.

म्हणून पुढचंही त्याच आवाजात वाचलं. "साहेब, एकदा मी तीनशे जोड न वाकवताच शिक्का मारून सोडले. ट्रक दारात उभा होता, वरचे साहेब डोक्यावर बसले होते. ते बूट डोंगरावरच्या तुकडीला गेले. ऐन थंडीत. अशा माणसाचं आपण काय केलं असतं?"

अर्ध्यातच मला कळलं होतं. तरी वाक्य पुरं केलं, कारण मावशी अजून हसत होती.

मामा दारात उभा होता, हातात पाण्याच्या पेल्यांचा ट्रे. तो आत आला. एकेकाच्या हातात पेला दिला. मलाही दिला. मी तो घेतला आणि पाणी प्यायले. बाकी सगळ्यापेक्षा ते पाणी पिणंच मला जास्त छळतं.

आठवड्याने एकटीच गेले. "मामा, चुकलं माझं."

"खोटं थोडंच वाचलंस?" तो खिडकीशी बसला होता. तसाच बाहेर बघत म्हणाला, "सात जणांना विचारलं. सातही जणांनी माफ केलं. एवढाले सेनापती, एकाने तरी आवाज चढवावा की नाही?"

मग तो माझ्याकडे वळला.

"ज्यांच्या पायात ते बूट होते, त्यांच्यातला एकही नाही गं त्या टॅबलेटात. मी शोधून पाहिलं."

पाच वाजले. त्याने कंगवा घेतला नाही. निघताना पाहिलं, तर टॅबलेट पुसून माझ्या पिशवीत ठेवलेला.

त्यानंतर मामा दोन वर्षं होता. मी जायचे, बसायचे. तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. काढायची माझी छाती झाली नाही. शेवटचं गेले तेव्हा घाईत होते. दारात चपला घालायला वाकले, तोवर त्याने एक उचलली. चवड्यापाशी वाकवली, कानाशी धरली. पूर्वीसारखी पटकन नाही; डोळे मिटून, बराच वेळ. मी एका पायावर उभी.

"तळ सुटतोय," तो म्हणाला. "जाता जाता शिवून घे, उद्यावर टाकू नकोस."