मागच्या दोन खोल्या

अक्का त्या वर्षी दिवाळीला माहेरी आली ती काही परत जाईना. संक्रांत झाली, होळी जवळ आली, तरी अकोल्याहून तिला न्यायला कोणी फिरकलं नाही. अक्का माझी मोठी बहीण. तिचे यजमान अकोल्याला कापूस पिंजायच्या एका जिनात कारकून होते. दोनदा तिला दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा मूल हाती लागलं नव्हतं. "जरा तब्येत सुधारून घे," असं म्हणून सासूनं तिला पाठवलं होतं, आणि तिचा त्या बोलण्यावर पूर्ण विश्वास होता. ती नेमानं दूध प्यायची, आरशात गाल भरले का ते पाहायची, आणि शेजारणींनी विचारलं की सांगायची, "आता बरी हाय मी. होळी झाली की जातो."

आमचे वडील अमरावतीच्या सरकारी शाळेत मास्तर होते. मनातलं बोलून दाखवणं त्यांना फार जड जायचं. होळीच्या आधी शाळेच्या कामाचं निमित्त काढून ते अकोल्याला जाऊन आले. आल्यावर मोरीजवळ उभं राहून ते आईशी हळू आवाजात काहीतरी बोलले. आई नंतर बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिली. आम्हा बहिणींना कोणी काही सांगितलं नाही. त्याच आठवड्यात बाबांनी ठेकेदाराला बोलावणं धाडलं.

आमचं घर म्हणजे पुढं बसायउठायची सपरी, तिच्यामागं एका ओळीत तीन खोल्या, मग पत्र्याची पडवी आणि शेवटी सांदवाडी, म्हणजे मागचं मोकळं अंगण. आई स्वयंपाक पडवीत करायची. बाबांच्या मनात पडवी पाडून, सांदवाडीचा अर्धा भाग घेऊन मागं दोन पक्क्या खोल्या काढायच्या होत्या. "पावसाळ्यात चुलीवर पाणी गळते," ते आम्हाला म्हणाले, "आणि धाकटीचं लग्न निघालं म्हणजे पाहुणेही येतीन." कारण पटण्यासारखं होतं. मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि माझ्या लग्नाचं बोलणं घरात सुरू झालंच होतं.

ठेकेदार अचलपूरकडचा, साठीला आलेला, जाडजूड माणूस होता. त्याला सगळे मिस्त्री म्हणायचे. तो सारखी बडीशेप चघळायचा आणि कामापेक्षा जास्त बोलायचा. विटा कुठून येतील, सागवान मेळघाटातलंच का घ्यावं, छपराचे कवेलू कोणाच्या भट्टीचे टिकतात, हे तो सपरीत बसून ऐकवत राही. बाबा मान हलवत. पहिल्या दिवशी सांदवाडीत उभं राहून त्यानं विचारलं, "मास्तरसाहेब, चूल कोण्या अंगाले घेता?"

बाबांनी एका कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तेवढ्यात दारातून अक्का बोलली, "तिथं नोका घेऊ. उन्हाळ्यात वारा तिकडूनच येते. सारा धूर घरात भरन."

"बाई बराबर बोलून राहिली," मिस्त्री म्हणाला.

त्यानंतर तो आला की अक्का पदर खोचून सांदवाडीत हजर असायची. खिडकी किती उंचावर, भांड्यांच्या राखेचं पाणी कुठून जाईल, पाटा कुठे बसेल, सगळं तीच सांगायची. इतके महिने ती घरात पाहुण्यासारखी वागत होती. आता तिचा आवाज चढला, ती हसायला लागली. एकदा तर मिस्त्रीशी भांडली. तो फळी उंचावर लावा म्हणत होता.

"खाली घ्या ना! आईचा हात पुरत नाही तेवढ्या उंच."

मिस्त्रीनं बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "पोरगी म्हणते तसं करा," आणि घरात निघून गेले.

होळी झाली. अक्का लगेच जाण्याचं बोलली नाही. चूल बसली की जाईन, असं आता म्हणू लागली.

मग एका सकाळी मिस्त्रीनं खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली आणि चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर खोल्या आखल्या. अक्का मला हाताला धरून आत घेऊन गेली. आत म्हणजे त्या पांढऱ्या रेघांच्या आत. ती खाली बसली, मला समोर बसवलं, हात पसरून पाहिले आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"मिस्त्री, हे लहान झालं. आई, मी अन् ही, तिघी बसलो तर पाय ठेवाले जागा नाही."

"एका बाईच्या चुलीले हे लय झालं," मिस्त्री सुतळी ओढत म्हणाला. "मास्तरसाहेबानं तसंच सांगतलं. एकच माणूस राह्यणार, म्हणून तं गल्लीकून दरवाजाबी अलग काढला."

"एक कोण?"

मिस्त्रीच्या हातातली सुतळी सैल पडली. जास्त बोललो हे त्याला कळलं असावं. तो पलीकडच्या खुंटीकडे गेला. बाबा सांदवाडीतल्या कडुनिंबाखाली उभे होते. अक्का उठून त्यांच्यासमोर गेली.

"बाबा, हे माह्यासाठी बांधून राहिले तुमी?"

"हो."

"कावून?"

बाबांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली. "जावईबापूंनी दुसरं लग्न ठरवलं हाये. मी अकोल्याले गेलो होतो ते त्याच्याचसाठी. त्यांच्या हातापाया पडलो. ते म्हणते, तुमची पोरगी तिकडेच राहू द्या." मग घाईघाईनं म्हणाले, "उद्या मी नसलो तरी तुले कोणाच्या दारात उभं राहावं लागू नये. तुह्या हक्काची जागा असली पायजे. म्हणून हे."

अक्का रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिनं आईकडे पाहिलं. आई पडवीच्या खांबाला धरून उभी होती.

"तुलेही माहीत होतं?"

आईनं मान खाली घातली.

"म्हणजे मी खिडक्या सांगून राहिली होती, अन् तुमी ऐकून राहिले होते," अक्का म्हणाली आणि आत गेली.

पुढचे काही दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज. मिस्त्री आला तेव्हा बाबांनी त्याला परत पाठवलं. अक्का दूध पिईना. मग एका संध्याकाळी ती आपली ट्रंक भरायला बसली. आईनं ट्रंकेतून लुगडी बाहेर काढली, अक्कानं ती पुन्हा आत ठेवली. असं पुष्कळदा झालं.

"सवतीच्या हाताखाली राहशीन का तू?" आई रडत म्हणाली.

"सवत येईन तर माह्या घरात येईन. इथं मी राहिली तर तुमच्या घरात नाही राहणार. मागच्या दोन खोल्यांत राहीन, अलग दरवाजानं येत-जात."

"बाबांनी मायेनं केलं वं सारं."

"माहीत हाये मले," अक्का म्हणाली. "म्हणूनच इथं राहवत नाही."

बाबा आणि मी तिला पोचवायला निघालो. बडनेऱ्याला गाडी बदलली. अकोल्यापर्यंत बाबा खिडकीबाहेर पाहत होते. वावरं रिकामी होती, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या. अक्काच्या घरी दारावरचं तोरण अजून ओलं होतं. लग्न आदल्याच दिवशी लागलं होतं. सासू आम्हाला पाहून दारातच थबकली. यजमान बाहेर आले आणि बाबांना नमस्कार करून उगाच टांग्याचं भाडं विचारू लागले. आतल्या खोलीत हळदीच्या लुगड्यातली एक मुलगी बसली होती. माझ्याच वयाची. आम्हाला पाहून तीच आधी रडायला लागली. अक्कानं ट्रंक भिंतीशी ठेवली, पाय धुतले आणि सासूला विचारलं, "आज काय टाकायचं चुलीवर?"

परतीच्या गाडीत बाबा मला एवढंच म्हणाले, "चूक झाली का वं माझी?"

खोल्या त्यांनी बांधल्या. आईनं नको म्हटलं, मिस्त्रीनंही विचारलं, पण बाबा म्हणाले, जसं आखलं तसंच करा. पावसाळ्याआधी कवेलू चढले. अक्का माझ्या लग्नाला आली तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं होतं. मागं पाहुणे उतरले होते. ती पुढच्या खोलीत बायकांच्या गर्दीत निजली. मागच्या दाराकडे ती फिरकली नाही. पुढं तिथं एक कंपाउंडर बायकोसह राहायला आला.

मी दर्यापूरला सासरी गेले. सवड मिळाली की अकोल्याला अक्काकडे जायची. सवतीला दोन मुलं झाली. ती मुलं अक्कालाच आई म्हणायची, आणि अक्काला ते आवडायचं की नाही हे मला कधीच कळलं नाही. ती वाळत चालली होती. तापात गेली तेव्हा तिशीही उलटली नव्हती.

बाबा एकटेच अकोल्याला जाऊन आले. मी तोवर माहेरी पोचले होते. ते सपरीत आले आणि जोडे न काढताच बसले. आईनं पाणी दिलं, शेजारी बसली आणि विचारलं, "जेवता का?"

"हो, वाढ," बाबा म्हणाले, आणि तसेच बसून राहिले.