आधी टिकली, मग डिस्क

टीचरच्या तोंडात देवाच्या नावाखालोखाल कुठला शब्द असेल तर तो ‘शी’. फ्लॉपीवर बोटाचा ठसा दिसला की शी. कीबोर्डच्या फटीत चिवड्यातली शेव अडकली की शी. चहाच्या कपाखाली कुणी शाळेचा कागद ठेवला की शी. आवाज चढायचा नाही, नाकाचा शेंडा तेवढा किंचित वर जायचा. आगाशीच्या आमच्या शाळेत पोरं त्यांना ‘शी-टीचर’ म्हणायची आणि ते त्यांना ठाऊक होतं. त्या जाऊन आता दोन पावसाळे झाले, पण कुठेही घाण दिसली की मला आधी त्यांचं नाक आठवतं. आणि वसई-विरारमध्ये राहणाऱ्या माणसाला त्यासाठी फार लांब जावं लागत नाही.

टीचर वसईतल्या सांडोरच्या. घराभोवती केळीची वाडी, दारात क्रूस. मुंबईत कुठल्याशा मोठ्या कचेरीत दहा वर्षं कॉम्प्युटरवर काम केलेलं, आई अंथरुणाला खिळली म्हणून परत आलेल्या. आमच्या शाळेला कुणा दात्याने आपला वापरून जुना झालेला कॉम्प्युटर दिला होता. दान देणाऱ्याने घरातला कचरा काढावा तशातलाच तो प्रकार. तो चालवायला टीचर आठवड्यातून दोन दिवस दोन एसट्या बदलून यायच्या. मी तेव्हा एकवीस वर्षांचा, शाळेच्या कचेरीत हंगामी मदतनीस. पडद्यावर हिरवी अक्षरं, पोटात हार्ड डिस्क नाही, पुढे फ्लॉपी घालायच्या दोन फटी. सगळं काही फ्लॉपीवर.

आमच्याकडची हवा खारी आणि दमट. पावसाळा संपेपर्यंत फ्लॉपीला बुरशी धरायची. टीचर ब्लेडने तिचं काळं पाकीट कापायच्या, आतली लवचीक तबकडी काढायच्या, रिठ्याच्या पाण्यात दोन बोटांनी धुवायच्या, मलमलीच्या फडक्यावर सावलीत वाळवायच्या आणि नव्या पाकिटात घालून मशीनला द्यायच्या. दहापैकी सात चालायच्या. उरलेल्या तीन त्या बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात टाकायच्या, एक शब्द न बोलता. मी एकदा विचारलं, “टीचर, हिला शी नाही म्हणालात?”

“ज्याची घाण निघते त्यालाच शी म्हणायचं, सुहास. निघत नाही तिथे तोंड कशाला उघडायचं?”

त्यांचा दुसरा नेम टिकलीचा. त्या फ्लॉपीच्या कडेला एक खाच असते. खाच उघडी असेल तर मशीन डिस्कवर लिहू शकतं, झाकली तर फक्त वाचतं. झाकायला कागदी पट्ट्या मिळायच्या, पण दमट हवेत त्या सुटायच्या. टीचरनी त्यावर उपाय काढला तो टिकलीचा. स्वतः ख्रिस्ती, जन्मात टिकली लावलेली नाही, पण मरून रंगाची मोठी टिकली त्यांना डझनावारी लागायची. आणायला मला धाडायच्या. आगाशीच्या बाजारातला दुकानदार दर वेळी विचारायचा, “कोनासाठी रं? लगीन ठरलं का?” मी लाजून पळायचो. डिस्क कुणाचीही असो, हातात आली की टीचरचं पहिलं वाक्य ठरलेलं, “आधी टिकली, मग डिस्क.” आणि त्याच्याही आधी, “हात धुऊन ये.”

तिसरा नेम तारखेचा. ते मशीन सुरू झालं की तारीख आणि वेळ विचारायचं. लोक कंटाळा करून नुसतं एंटर दाबतात, मग प्रत्येक फाइलवर तीच एक जुनी तारीख पडते. “गावच्या मास्तरांनी सगळी पोरं एक जूनला जन्माला घातली, तशी ही माणसं फाइली जन्माला घालतात. शी,” त्या म्हणायच्या. आमच्या कचेरीत मनगटावरच्या घड्याळात बघून मिनिटासकट वेळ टाकल्याशिवाय कुणाला मशीनला हात लावता येत नसे.

आणि मग ते हत्यार. टीचरकडे एक छोटा प्रोग्रॅम होता, डिस्क आतून उघडून दाखवणारा. फाइलीचं नाव नाही, पासवर्ड नाही, कुणाची परवानगी नाही. डिस्कचा कुठलाही तुकडा मागावा, डावीकडे आकड्यांच्या जोड्या, उजवीकडे वाचता येतील ती अक्षरं. तसाच दुसरा एक, मशीनची मेमरी बघायचा. टीचर त्यातून मला काय काय दाखवायच्या. पुसलेली फाइल पुसलेली नसते, नुसती यादीतून नाव गेलेलं असतं. एकदा शाळेच्या वेळापत्रकाच्या फाइलीमागे उरलेल्या जागेत मुख्याध्यापकांनी व्याह्यांना लिहिलेल्या भांडखोर पत्राच्या चार ओळी निघाल्या. “खरकटं,” टीचर म्हणाल्या. “जेवून उठतात, ताट तसंच. शी.” आणि लगेच पडदा बंद केला. पुढचं पत्र मला वाचायचं होतं, त्यांनी वाचू दिलं नाही. या हत्याराला आकडे बदलताही येतात हे त्यांनी मला शिकवलं, सरावाची माझी वेगळी फ्लॉपी करून दिली, तिच्यावर स्वतःच्या अक्षरात माझं नाव लिहिलं. “दुसऱ्याच्या डिस्कवर फक्त बघायचं, हात पाठीमागे बांधून,” एवढीच एक अट.

इथून पुढचं लिहिताना मला माझीच किळस येते, पण ते टाळलं तर टीचरविषयी लिहिण्यात अर्थ नाही.

माझी धाकटी बहीण वैशाली तेव्हा त्याच शाळेत नववीला. गणितात अठ्ठावीस. पस्तीसला पास. वडिलांनी आधीच बजावलं होतं, “नापास झाली तं शाळेतून नाव काढतो हिचं.” आमचे वडील बोलत ते करत. वर्गशिक्षकांनी हाताने लिहिलेल्या यादीवरून टायपिस्ट मालतीताईंनी गुण मशीनमध्ये भरले, कच्ची यादी छापली. टीचरनी डिस्कला टिकली लावून ती कपाटात ठेवली. कपाटाची किल्ली माझ्याकडे. दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत मी डिस्क काढली, टिकली सोलली, हत्यार लावलं, वैशालीचं नाव शोधलं आणि दोनाच्या जागी तीन टाकला. अडतीस. टिकली परत चिकटवली. माझा हात थरथरला असं लिहायला मला आवडलं असतं. थरथरला नाही. उलट काम किती सफाईने जमलं याचा अभिमान वाटला. निकालाच्या दिवशी घरी पेढे आले, मीही दोन खाल्ले. आता कुणी पेढा पुढे केला की मी तो शेजारच्याकडे सरकवतो.

महिन्याभराने वर्गशिक्षकांनी आपली यादी ताडून पाहिली आणि बोंब झाली. गुण भरायच्या प्रोग्रॅमचा पासवर्ड फक्त मालतीताईंकडे. नवरा नसलेली, दोन पोरांची आई. मुख्याध्यापक तिला म्हणाले, “सुहासच्या ओळखीखातर तुम्ही वाढवलेत.”

“मी अठ्ठावीसच टाकले, सर. पोरांची आन घेते.”

मला विचारलं. मी म्हणालो, “मला यातलं काही माहीत नाही.” तिच्याकडे बघत म्हणालो.

मग टीचरना बोलावलं. त्या आल्या, हात धुतले, डिस्क घातली. कच्च्या छापील यादीत अठ्ठावीस होते, डिस्कवर अडतीस. पण फाइलीवरची तारीख आणि वेळ मिनिटासकट तीच, मालतीताईंनी गुण भरून संपवले त्या दुपारची. प्रोग्रॅममधून कुणी काही बदललं असतं तर तारीख बदलली असती. हत्याराने बदललं तर बदलत नाही, ते थेट डिस्कवर लिहितं आणि फाइलीला कळतही नाही. हे मला ठाऊक असायला हवं होतं. सफाई, सफाई म्हणून मी मिरवलो आणि त्या सफाईनेच मला पकडलं. मालतीताई सुटल्याचा पुरावा आणि मी केल्याचा पुरावा एकच होता. आख्ख्या आगाशीत ते हत्यार चालवणारी माणसं दोन, आणि दोन्ही त्या खोलीत.

“मालतीने काही केलेलं नाही,” टीचर म्हणाल्या आणि तारखेचं सगळं समजावलं.

“मग हे हत्यार चालवतं कोण?” मुख्याध्यापकांनी विचारलं.

टीचर माझ्याकडे बघत राहिल्या. मी जमिनीवरच्या फरशा मोजल्या. मी शीची वाट बघत होतो, खरंच. आली असती तर कदाचित मी बोललो असतो. ती आली नाही.

“हत्यार माझं आहे,” त्या म्हणाल्या. “शिकवलंही मीच.”

मुख्याध्यापकांना एवढं पुरलं. माझ्या वडिलांची संस्थेत ऊठबस होती, टीचर बाहेरून येणाऱ्या. ज्याला दोन अधिक दोन येतं त्याला कळलं असतं की बहीण कुणाची आहे. पण शाळेची शोभा नको, म्हणून वैशालीचे अडतीस तसेच राहिले आणि टीचरना यापुढे येऊ नका असं सांगण्यात आलं. त्यांनी आपलं सामान पिशवीत भरलं. फ्लॉप्यांच्या चळतीतून माझ्या नावाची सरावाची फ्लॉपी काढली, एकदा पाहिली, आणि बिस्किटांच्या डब्यात टाकली. तोंडातून शब्द नाही. एसटी स्टँडपर्यंत त्यांची पिशवी धरायलाही मी गेलो नाही.

नंतर गावात झालं ते ‘ती टीचर मार्क वाढवून द्यायची’. मी ते ऐकत राहिलो. पुढे त्यांच्याच विद्येवर पोट भरलं. वसई स्टेशनजवळ माझा गाळा आहे, लोकांच्या बिघडलेल्या हार्ड डिस्कमधून मी त्यांचे लग्नाचे फोटो काढून देतो. “हे कुठे शिकलात?” कुणी विचारलं की मी म्हणायचो, “असंच.” हे ‘असंच’ मी तीस वर्षं म्हटलं. एका लग्नाच्या पंगतीत शाळेतला एक जुना सोबती हसत म्हणाला, “ती शी-टीचर आठवते? मार्क बदलायची ती?” सगळे हसले. मीही हसलो. हसून झाल्यावर ताट तसंच टाकून उठलो, हात धुतले, आणि धुताना तो नळ बंद करायचं सुचेना.

पुढच्या रविवारी चर्चमधली मिसा सुटल्यावर मी सांडोरला गेलो. टीचर सत्तरी ओलांडलेल्या, केस पांढरेशुभ्र, नाक तेच. ओट्यावर रिठ्याचं पाणी, पलीकडे शाळेतल्यासारखंच जुनं मशीन चालू. जुन्या मशीनचे शौकीन लांबलांबून बुरसटलेल्या फ्लॉप्या घेऊन त्यांच्याकडे यायचे. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “तारीख बदलली नव्हती.” हातातली तबकडी धुणं थांबलं नव्हतं. “आणखी कुणाकुणाला सांगितलंस?”

“फक्त तुम्हाला.”

“मला सांगून काय होणार? मी फादर नाही.” एवढं बोलून त्या कामाला लागल्या. शी नाहीच.

मी परत आलो आणि नायगावला वैशालीकडे गेलो. पंचेचाळिशी उलटलेली बाई, तिच्या मुलीसमोर तिला सांगावं लागलं. ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही. मग मालतीताईंकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “टीचर तेवाच बोलल्या व्हत्या मला. येईल तो सांगायला, तवर तू गप रा म्हनून. मला वाटलं पंधरा दिवसांत येशील.” शेवटी शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा जो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, तिथे आठ ओळींत सगळं लिहिलं, नाव-गाव-आकड्यासह. पाच जणांनी अंगठा दिला. एकाने हात जोडले. एकजण म्हणाला, जाऊ दे रे जुनं. लगेच पाठोपाठ कुणीतरी गुलाबाच्या फुलांचं शुभ सकाळ टाकलं आणि माझ्या आठ ओळी वर सरकून दिसेनाशा झाल्या. असली ती गोष्ट, आणि असले आम्ही.

त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा सांडोर. कुणाकुणाला सांगितलं ते सांगितलं. वैशालीचं सांगितलं, मालतीताईंचं सांगितलं, गुलाबाच्या फुलांचंही सांगितलं. टीचर उठल्या, आत गेल्या आणि तो बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. झाकण गंजलं होतं, मला चमच्याने उचकटावं लागलं. तळाशी माझी फ्लॉपी होती, त्यांच्या अक्षरात माझं नाव, आणि खाचेवर मरून टिकली. ती त्यांनी कधी लावली कुणास ठाऊक. त्यांनी फ्लॉपी खिडकीच्या उजेडात धरली. तबकडीवर बुरशीचे पांढरे डाग पसरले होते.

त्यांचं नाक किंचित वर गेलं.

“शी,” त्या म्हणाल्या. “जा, हात धुऊन ये.”