मेपर्यंत थांबलेलं वाक्य

शीला रंगारी चहा पिण्याआधी कप उचलून बशीत बघायची. का, म्हणून विचारलं तर म्हणायची, "काही नसतेच वं. पण पाह्यल्याशिवाय नसते कसं म्हणू?" सदर भागातल्या आमच्या संगणक केंद्रात ती रुजू झाली, त्याच दिवशी तिने माझं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं आणि मग दोन्हींवर अविश्वास दाखवला. मला ती लगेच आवडली. रागही आला.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. आमच्या मशीनमध्ये मेमरीचं एक जादा कार्ड बसवलं होतं. मशीन सुरू करताना ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, किती मेमरी वापरायची ते टाइप करून सांगता यायचं. न सांगितलं तर तो स्वतःच मोजून घ्यायचा. असे सगळे पर्याय ऑपरेटरांना समजावणारी पुस्तिका शीलाने लिहायची होती. ती तात्पुरत्या जागेवर होती. मार्चअखेर पुस्तिका द्या, कायम करतो, असं केंद्राचे प्रमुख दाणीसाहेब यांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, आणि जरीपटका वस्तीतलं तिचं घर त्या आशेवर होतं.

बाकीचे पर्याय तिने स्वतः चालवून पाहून लिहिले. अडली ती एका वाक्यावर. 'काहीही न सांगितल्यास कर्नल पूर्ण मेमरी वापरतो, आणि ते सुरक्षित आहे.'

"मशीनच्या कंपनीच्या पुस्तकात आहे ना? उतरवून टाका," साहेब म्हणाले.

"साहेब, मशीन आपली मेमरी आपणच मोजून राहिलं अन् सोताले पास करून राहिलं. हे कोणती परीक्षा झाली? अन् तेही थंडीत. उन्हाळ्यात ए.सी. बंद पडते, तवा नवं कार्ड टिकते का नाही, कोणाले माहीत? मे येऊ द्या."

"मेमध्ये तुमची नोकरी नसेल."

"मंग नसंल."

जिन्यात मी तिला फैलावर घेतलं. एका ओळीसाठी कोणी स्वतःच्याच पोटावर पाय देतं का? ती म्हणाली, "आमच्या बाबानं धम्म घेतला तवापासून घरात एकच शिकवण आहे. कोणी मोठा सांगते म्हणून खरं मानाचं नाही." मग डोळे बारीक करून, "पण तू काहून एवढी मांगं लागून राहिली? साहेबानं धाडलं का तुले?" मी काही दिवस तिच्याशी बोललेच नाही.

मार्च संपला आणि तिची जागा गेली. त्या वाक्यापुरती कोरी राहिलेली पुस्तिका कपाटात पडून राहिली.

मेमध्ये एका रणरणत्या दुपारी शीला डोक्याला दुपट्टा गुंडाळून दारात उभी. साहेबांनी, बहुधा पीडा टळावी म्हणून, तपासून पाहायची परवानगी दिली. ए.सी. बंद करून मशीन पूर्ण मेमरीवर सुरू केलं. आम्ही घामाने निथळत होतो. ती मेमरीत पुन्हा पुन्हा अक्षरं भरायची, परत वाचायची, मध्येच मशीनच्या पत्र्यावर हात ठेवून बघायची. मशीन कोसळावं, साहेबांचं नाक कापलं जावं, असं मला मनापासून वाटत होतं.

संध्याकाळपर्यंत एकही अक्षर चुकलं नाही.

शीलाने पुस्तिका मागून घेतली आणि कोऱ्या जागेत वाक्य लिहिलं. कंपनीचंच, शब्दन् शब्द. मला रडू आवरेना.

"हेच लिहायचं होतं, तर मार्चमध्ये का नाही लिहिलंस गं? उगाच नोकरी घालवलीस!"

"मार्चमधे लिवलं असतं तर खोटं बोलणं झालं असतं."

"अगं, पण ते खरंच होतं ना!"

"होतं," पेनाला टोपण लावत ती म्हणाली, "पण मले कुठं माहीत होतं?"