दीड भाकरी

जमीन बघून कमी-जास्त खत टाकणारं यंत्र निघाल्याचं परवा मासिकात वाचलं, आणि विंचूरकडचा तो म्हातारा आठवला. पंधराएक वर्षांपूर्वी मी खत टाकायची साधी यंत्रं विकायचो. एका कांद्याच्या रानात यंत्र दाखवायला गेलो, तर तिथं हा हातानं खत टाकत होता. नाव विचारायचं राहूनच गेलं.

चपला बांधावर काढून, टोपली कमरेला लावून तो अनवाणी चालायचा. पायाला मुरूम टोचला की मूठ मोठी, मऊ काळी माती लागली की लहान.

"बाबा, आमचं यंत्र सगळीकडं अगदी सारखं टाकतं," मी ऐटीत म्हणालो.

तो हसला. "सारखं कशाला? भूक सारखी हाय का?"

दुपारी त्यानं फडकं सोडलं. दोनच भाकरी होत्या. मला वाटलं, एकेक वाटून घेऊ. त्यानं क्षणभर माझ्या तोंडाकडं निरखून पाहिलं आणि दीड भाकरी माझ्या हातावर ठेवली.

"अहो, तुम्हाला?"

"मी न्याहारी करून आलोय. तुमच्या पोटात सकाळपासून काय नाय."