तुरटीच्या चुळा

परवा गढूळ पाणी निवळायला हंड्यात तुरटी फिरवली, सहज बोट चाटलं आणि वस्तीवरच्या शाळेतली ती सकाळ आठवली. राहुरीहून संशोधन करणाऱ्या एक बाई येणार होत्या. निरोगी मुलांच्या तोंडात कसली कसली बुरशी असते ते त्यांना बघायचं होतं. मी त्यातलं ‘बुरशी’ तेवढंच ऐकलं. बुरशी आलेली भाकरी आम्ही गुरांपुढं टाकतो; तीच माझ्या लेकीच्या तोंडात निघाली तर वस्तीवरच्या बाया काय म्हणतील? म्हणून निघण्याआधी तिला तुरटीच्या पाण्याच्या चुळा भरायला लावल्या, वर मीठ लावून जीभ खसाखसा घासली. ती रडली, तरी सोडली नाही. शाळेच्या ओट्यावर पोरं आ करून ओळीनं बसली होती, आम्ही बाया मागं उभ्या होतो, साखर कारखान्याच्या मळीचा वास येत होता. बाई कापसाची काडी एकेकाच्या गालातून फिरवत होत्या. माझ्या लेकीची लालभडक जीभ बघून त्या थबकल्या. “काय झालं गं?” “आईनं घासली. बुरशी निघू नये म्हनून.” बाया खदखदून हसल्या. बाई मात्र हसल्या नाहीत. “अहो ताई, ती धडधाकट लेकरांच्या तोंडातही असते. प्रत्येकाची जरा निराळी, तीच तर बघायची होती.” लेक तोंड उघडंच ठेवून म्हणाली, “माझी बी घ्या की.” “आज नको बाळा, दुखेल.” आता ती दहावीला आहे. दात घासताना मोरीचं दार आतून लावून घेते. मी टॉवेल घेऊन बाहेर उभी राहते, दार वाजवत नाही.